काटेरी खांबाची तीन लेकरं

चंद्रपूरच्या उन्हाची ख्याती एवढी पसरली आहे की बाहेरच्या माणसाला वाटतं, इथे रस्त्यावर उंटच फिरत असतील. आमच्या घुग्घुसच्या खाण वसाहतीत बदली होऊन आलेल्या एका साहेबांनाही तसंच वाटलं होतं. ते राजस्थानातून आले. एका ट्रकमध्ये घरचं सामान आणि दुसऱ्या ट्रकमध्ये निवडुंग. वीस-बावीस जातींचे. गोल, चपटे, लांब, केसाळ. एक तर असा की कोणी साळिंदर धरून उलटं कुंडीत खोचलं असावं. मी तिथे माळी म्हणून नवीनच लागलो होतो. शिक्षण तिसरी पास. चौथीची परीक्षा मोहफुलं वेचायच्या दिवसांत आली, म्हणून ती राहिली ती राहिलीच.

साहेब म्हणाले, "किसन, यहाँ की गर्मी में तो ये नाचेंगे."

मी म्हणालो, "हो जी." नवीन माणसाला दुसरं काय म्हणता येतं?

आता माझं मूळ गाव चामोर्शीकडलं, धानाच्या मुलखातलं. तिकडे माणसाच्या हातात फावडं दिलं की हात आधी बांध घालतो, मग विचार करतो. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधीच म्हणतात, म्हणजे चारही बाजूंनी बांध आणि मधात पाणी. मी साहेबांच्या निवडुंगांसाठी जागा खणली, माती भुसभुशीत केली, शेणखत घातलं आणि चारही बाजूंनी हातभर उंच बांध घातला. बांधाला असा गुळगुळीत हात मारला की माझ्या बापानं पाहिला असता तर पाठ थोपटली असती. सगळे निवडुंग ओळीत लावले. शेवटी एक उरला, खांबासारखा, धारीधारीचा. त्याला जागा नव्हती म्हणून बांधावरच रोवून दिला.

पावसाळा लागला. चार दिवसांच्या झडीत माझी बांधी काठोकाठ भरली. पाण्यात निवडुंग उभे, पाण्यावर निवडुंगांच्या सावल्या, आणि बेडूक असे ओरडत होते की विचारू नका. त्या झाडांच्या सात पिढ्यांत कोणी बेडूक ऐकला नसेल.

साहेब छत्री घेऊन आले. वाकून पाण्यात पाहिलं. मग म्हणाले, "किसन, तूने धान लगाया है क्या?"

पोळ्यापर्यंत सगळे सडले. उचलायला गेलं की हातात बुळबुळीत गर यायचा आणि वर काट्यांची टोपी राहायची. वीस-बावीस जाती माझ्या हातानं मेल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यातल्या काहींची नावंही मला कळली नव्हती. वाचला तो एकटा खांब, बांधावरचा. जागा नाही म्हणून ज्याला कडेला टाकला, तोच जगला. साहेब चांगले होते, मला ओरडले नाहीत. पुढच्या बदलीला जाताना त्या खांबाकडे पाहून म्हणाले, "इसको तेरे भरोसे छोड़ रहा हूँ." त्यांनी भरवसा टाकला की टोमणा मारला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून मी त्या खांबाचा अभ्यास करायला लागलो. अभ्यास म्हणजे काय, रोज पाहायचं. पुढे एक मॅडम आल्या, त्यांनी मला बऱ्याच गोष्टींची कारणं सांगितली, पण गोष्टी मी आधीच पाहून ठेवल्या होत्या.

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. ऊन एक आणि वाळवंट दुसरं. वाळवंटात दिवस तापतो, पण रात्री हवा गार होते. या झाडाला त्या गारव्याची गरज असते. त्याच्या अंगावर बारीक बारीक तोंडं असतात. दिवसा ती मिटलेली, कारण उघडली तर आतलं पाणी उडून जाईल. रात्री गार वाटलं की उघडून हवा घेतं आणि सकाळी पुन्हा गप्प. आमच्याकडे मे महिन्यात रात्रीही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मग ते बिचारं रात्रीही तोंड उघडत नाही. चांगला महिनाभर उपाशी बसून राहतं. तेव्हा त्याच्या धारी आत ओढल्या जातात, पेटीचा भाता मिटावा तशा. पाऊस आला की भाता पुन्हा फुगतो. आणि आमच्याकडे पाऊस येतो तो काही पाहुण्यासारखा येऊन जात नाही, मुक्कामालाच येतो. एवढं पाणी पिऊन काय करावं हे त्या झाडाला कळत नाही. म्हणून त्याचं बूड कोरडं ठेवणं, एवढीच माळ्याची कामगिरी. मी भट्टीतला जळलेला कोळसा, विटांचा खंगर आणि जाड रेती मिळवून मांडीएवढा ढीग केला आणि खांब त्यावर बसवला. बांध घालायची हाताची खाज मी अशी मोडली.

खांब चांगला दोन पुरुष उंच झाला. मग एका उन्हाळ्यात वावधन म्हणजे वादळ सुटलं, बाजूच्या कडुनिंबाची फांदी त्यावर आली आणि त्याचे तुकडे झाले. बुडखा पुढच्या पावसात सडला. हाती तीन चांगले तुकडे राहिले, प्रत्येकी हातभर. माय गेली, तीन लेकरं राहिली.

एक मी ठेवला. एक माझी लेक मंदा घेऊन गेली. तिला सिरोंचाला दिली आहे, गोदावरीच्या काठी, घरासमोर नुसती रेती. तिसरा तुकडा माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ देवाजी, यानं मागितला. देवाजी चामोर्शीजवळ आमच्या जुन्या गावातच धान करतो. मी दोघांनाही समोर बसवून सांगितलं, "कापलेली जागा सावलीत बारा दिवस वाळू द्यायची. खपली धरली का मंग ढिगावर लावायचा. पाणी नाई द्यायचं."

देवाजी म्हणाला, "बारा दिवस पाणी नाई? भाऊजी, जीव जाईन ना जी त्याचा!"

"नाई जात."

"एक डाव पेज तरी देऊ का?"

"अबे, तो काय बाळंतीण आहे काय? नाई म्हटलं ना!"

"बरं, बरं," म्हणाला आणि तुकडा पोत्यात गुंडाळून घेऊन गेला.

पुढे मोबाईल आले आणि माझा अभ्यास वाढला. मंदा सिरोंचाहून फोटो पाठवायची. तिचं झाड निळसर पांढरं झालं होतं, अंगावर जणू पीठ चोळलेलं, आणि काटे बोटाएवढे लांब. तिची शेजारीण त्याला तेलुगूत जेमुडु म्हणायची आणि लेकरांना त्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही. माझं घुग्घुसचं झाड ठेंगणं, राखाडी. कोळशाची आणि सिमेंटची धूळ त्याच्या अंगावर बसायची. मी दर आठवड्याला रंगाऱ्याच्या ब्रशनं ते झाडायचो. आणि देवाजीचं चामोर्शीचं झाड हिरवंगार, तेल लावल्यासारखं चकचकीत, भराभर वाढलेलं आणि काटे इवले इवले.

मी दोनदा चामोर्शीला जाऊन ते स्वतः पाहिलं. कौतुकानं हात फिरवला. देवाजीला म्हणालो, "पाह्य, तुझ्या गावची हवा मानवली याले. आंगावरचे कपडेच उतरवून टाकले."

देवाजी म्हणाला, "हो जी. मानवली." आणि घरात चहा सांगायला गेला.

तर मी यातून एक सिद्धांत बांधला. झाड एकच, पण ज्या गावात राहील त्या गावाचं अंगरखं घालतं. सिरोंचाला वरून ऊन आणि खालून रेतीची झळ, म्हणून ते अंगाला पीठ चोळतं, म्हणजे ऊन परत जातं. काटे लांब करतं, म्हणजे स्वतःचीच थोडी सावली पडते. घुग्घुसला धूळ, तोंडं बुजतात, म्हणून सावकाश वाढतं. चामोर्शीला ओल आहे, ढग आहे, तिथे कशाला एवढा जामानिमा? वसाहतीत कोणीही पाहुणा आला की मी त्याला धरून हे सांगायचो. बायको म्हणायची, "लोक बाग पाह्याले येतेत, तुमचं भाषण ऐकाले नाई." पण मी सोडायचो नाही. अशी पंधराएक वर्षं मी ही तीन भावांची गोष्ट सांगितली.

माझ्या नोकरीचं शेवटचं दीड वर्ष राहिलं तेव्हा नवीन साहेब टेप घेऊन बागेत आले. आमची काटेरी बाग गेटच्या बाजूला होती. तोवर मी त्यात घायपात, कोरफड, फड्या असं बरंच जमवलं होतं. साहेबांना तिथे मोटरसायकलींसाठी शेड करायची होती. त्यांचंही चूक नव्हतं. पाळीवर येणाऱ्या लोकांच्या गाड्या उन्हात उभ्या राहायच्या. सुटी झाल्यावर माणूस सीटवर बसला की तसाच उठायचा. राजू नावाचा एक डंपर ऑपरेटर होता, भारी बोलका. तो मला रोज म्हणायचा, "काका, तुमच्या झाडाईले ऊन पाह्यजे, आमच्या बुडाले सावली. जागा अदलाबदल करून टाका ना!"

साहेब टेप लावत होते त्याच दिवशी चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या मॅडम मुलींना घेऊन बाग पाहायला आल्या होत्या. वनस्पतींच्या मॅडम. मी नेहमीप्रमाणे भाषण सुरू केलं आणि मोबाईलवर तिन्ही फोटो दाखवले. मॅडमनी ते बोटांनी मोठे करून पाहिले. धारी मोजल्या. माझ्या झाडाला सात, मंदाच्या झाडाला आठ, देवाजीच्या झाडाला पाच.

मॅडम म्हणाल्या, "काका, ही एकाच झाडाची वाटत नाहीत. हे तिसरं तर नक्कीच वेगळं दिसतंय."

मला असा राग आला! पंधरा वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, तुमी पुस्तकातले पाह्यले असान. हे मी माया हातानं तोडून दिले आहे. एका मायची लेकरं आहेत."

"फूल आलंय का तिघांना?"

"दोघाईले येऊन गेलं. रात्री उमलते, सकाळी लुळं पडते. तिसऱ्याचं देवाजीले माहीत."

"फूल पाहिल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. पण मला शंका आहे."

मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. साहेब टेप धरून उभे. मग मी बोललो. बोलायचं नव्हतं तेवढं बोललो. म्हणालो, "मॅडम, तिघाईले एका ताटात जेवू घाला. तिघाईचे शेंडे आणून याच ढिगावर एका ओळीत लावतो. तेच ऊन, तेच पाणी. वर्षभर थांबा. जुनं आंग तसंच राह्यन, पण नवीन जे वाढन ते तिघाईचं एकसारखं वाढन. माणूस गाव बदलला का चाल बदलते, तसं."

मॅडमचा चेहरा एकदम बदलला. म्हणाल्या, "काका, हा प्रयोग असाच करतात. खरंच करा. तुमचं बरोबर निघालं तर ही बाग ठेवण्यासारखी आहे, असं मी स्वतः साहेबांना लिहून देईन."

साहेब म्हणाले, "शेडची मंजुरी यायला वर्ष लागतंच. चला, वर्ष दिलं. एकसारखे निघाले तर बाग राहील. नाही तर शेड."

तिथे गप्प बसायचं. पण मी म्हणालो, "तिन्ही, साहेब. दोन नाई, तिन्ही. एक जरी परका निघाला तं मी माया हातानं बाग उपटून देतो."

फाल्गुनात तिन्ही शेंडे आणले. मंदानं सिरोंचाहून एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाठवला. देवाजी म्हणाला, "कायले त्या झंझटीत पडता भाऊजी? मायं झाड बिघडन." बहिणीनं फोनवर दम दिला तेव्हा त्यानं पाठवला. बारा दिवस वाळवले, एका ओळीत लावले. मॅडमनी प्रत्येकाच्या शेंड्याखाली लाल धागा बांधला. धाग्याच्या खालचं जुनं, वरचं नवीन.

त्या वर्षी गंमत झाली. गेटवर सगळ्यांनाच त्या तीन खांबांचा नाद लागला. पाळीवर येताना लोक गाडी लावायचे आणि आधी धागा पाहायचे. राजूनं मागच्या भिंतीवर खडूनं उंचीच्या रेघा ओढल्या. नावं पडली, घुग्घुसवाला, सिरोंचावाला, चामोर्शीवाला. चहाच्या टपरीवर भज्यांची पैज लागली, कोण पहिला वाढतो. चामोर्शीवाला पावसाळ्यात एकदम सगळ्यांच्या पुढे गेला तेव्हा राजू ओरडला, "काका, तुमचा साळा लय धावून राह्यला!" कोणी गाडी जोरात आणून धूळ उडवली की हेच लोक त्याला म्हणायचे, "अबे हळू, झाडं श्वास घेऊन राह्यले." ज्यांना शेड पाहिजे होती तेच हे म्हणत होते.

दिवाळीपर्यंत माझ्या छातीत चांगलं दोन वीत हवा भरली होती. सिरोंचावाल्यानं धाग्याच्या वर पीठ चोळणं कमी केलं, काटे आखूड केले. माझा घुग्घुसवाला धाग्याच्या वर थोडा सरळ, थोडा निळसर निघाला, कारण वसाहतीचा रस्ता डांबरी झाल्यापासून धूळ कमी होती आणि मी ब्रश मारत होतो. दोघांची नवीन वाढ शेजारी शेजारी पाहिली तर कोणती कोणाची ते सांगता येत नव्हतं. धारीसुद्धा दोघांच्या सात.

आणि चामोर्शीवाला? तो हिरवाच. चकचकीत. पाच धारी. काटे इवले. धाग्याच्या खाली जसा, तसाच वर. मी स्वतःची समजूत घालत होतो, हा थोडा मंद आहे. लेकरांत एखादं असतं. मी त्याच्यासमोर उभा राहून त्याला रागावतही होतो. "बदल ना रे बाप्पा, थोडा तरी बदल!" उन्हं कलल्यावर कोणी नसलं की त्याच्या धारी पुन्हा पुन्हा मोजायचो. पाचाच्या सहा होत नव्हत्या.

वर्ष भरलं. मॅडम येणार होत्या त्या सकाळी मी देवाजीला मुद्दाम बोलावून घेतलं. साक्षीदार पाहिजे होता, आणि खरं सांगतो, त्याला माझा विजय दाखवायचा होता. देवाजी नवीन पांढरा सदरा घालून आला. बागेत आला, तीन खांब शेजारी शेजारी पाहिले आणि तिथेच ढिगाच्या कडेला खाली बसला.

"काय झालं?"

"काई नाई. ऊन लागलं."

"सकाळचे आठ वाजले बे!"

देवाजीनं टोपी काढली. टोपीनं तोंड पुसलं. म्हणाला, "भाऊजी, बाईले सांगनार नाई ना?" बाई म्हणजे माझी बायको, त्याची मोठी बहीण.

"काय सांगू नोको?"

"तुमचा तुकडा नेला होता ना, तो मी आंगणात लावला. तुमी म्हटलं ढिगावर लाव. पण उघडा ढीग मले पाह्यवला नाई जी. हातानं आपोआप बांध घातला. पाणी भरलं. पेजबी दिली दोन डाव."

"मंग?"

"आठ दिवसांत उकडलेल्या दोडक्यासारखा झाला. मले वाटलं, आता तुमी मले जिता सोडत नाई. मंग आठवडी बाजारात एक माणूस गुलाबाची, तुळशीची रोपं घेऊन बसते, त्याच्याजवळ असाच एक खांब होता. घराले नजर लागत नाई म्हून लोक नेतेत. तोच आणून लावला."

"बांध काढून?"

"नाई जी. बांध तसाच होता. पण तो पाण्यातबी जगला. भल्ला दमाचा आहे तो."

म्हणजे मी ज्याच्या अंगावरून कौतुकानं हात फिरवला, ज्याच्या जोरावर पंधरा वर्षं अर्ध्या जिल्ह्याला भाषण दिलं, तो बाजारातला परका माणूस होता! आणि मला हसू येऊ लागलं, कारण देवाजीला शिव्या कोणत्या तोंडानं देऊ? बांधी तर मीही केली होती. त्यानं एक मारला, मी वीस.

देवाजी म्हणाला, "बोलू नका भाऊजी. कोणाले कळते?"

इतक्यात मॅडम आल्या, मागून साहेब आले, पाळी सुटलेली होती म्हणून राजू आणि दहा-पंधरा लोक आले. मॅडमनी वही काढली. पहिले दोन पाहिले, मोजले, पुन्हा मोजले, आणि माझ्याकडे वळून अशा हसल्या की जणू त्यांचाच विजय झाला. "काका, तुमचं बरोबर होतं! हे दोन एकच आहेत. जागेनं वेगळे केले होते, जागेनं एक झाले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या तिसऱ्याजवळ गेल्या. धाग्याच्या खाली आणि वर धारी मोजल्या. हळू आवाजात मला म्हणाल्या, "हा बदललेला नाही. पण काही झाडांना जास्त वेळ लागतो. आपण याला अजून एक वर्ष देऊ. साहेबांना मी तसं सांगते."

बाग वाचत होती. मी फक्त तोंड मिटून बसायचं होतं, ते काम तर झाडालाही जमतं. देवाजी मागे उभा राहून हात जोडत होता. पण मी मॅडमच्या वहीकडे पाहिलं. त्यात त्या लिहीत होत्या, दोन बदलले, एक नाही. म्हणजे एका मायची लेकरं, एका ताटात जेवली आणि तरी एक बदललं नाही, असं लिहिलं जाणार. माझं खरं म्हणणं खोटं ठरणार आणि खोटं झाड खरं ठरणार. ते मला सहन झालं नाही.

मी मोठ्यानं म्हणालो, "मॅडम, ते खोडा. तिसरा त्यांचा भाऊ नाई. तो बाजारातून आणला आहे. जे दोन खरे होते ते दोन्ही बदलले. दोनातून दोन! झाडाबद्दल मी चुकलो नाई. साळ्याबद्दल चुकलो."

मग राजू हसला, मग सगळेच. देवाजीनं टोपी डोळ्यांवर ओढली. मॅडमनी वहीत खोडलं, नवीन लिहिलं आणि मला दाखवलं. मला सगळं वाचता आलं नाही, पण माझं नाव ओळखलं. मी म्हणालो, "नावाच्या पुढे माळी लिवा." त्यांनी लिहिलं.

साहेब जवळ आले. म्हणाले, "किसनभाऊ, तुम्ही गप्प बसले असते तर बाग राहिली असती."

"हो जी. पण झाडावर आळ आला असता."

"आता काय करायचं?"

"तिन्ही म्हटलं होतं मी. शब्द मायाच आहे. सब्बल आणतो."

साहेब म्हणाले, घाई नाही, शेडचं सामान यायचं आहे. मॅडम म्हणाल्या, मी बोलते वरच्या ऑफिसात. मी दोघांचंही ऐकलं नाही. ऐकायला पाहिजे होतं का? बायको अजून म्हणते, ऐकायला पाहिजे होतं. पण मी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आलो तेव्हा राजूनं ती धरली. म्हणाला, "उपटा काका, पण फेकू नका. मले एक तुकडा द्या. घरी लावतो." त्याच्यामागे दुसरा म्हणाला, मलाही. मग रांगच लागली. घुग्घुसवाला आणि सिरोंचावाला, दोघांचे मी हातभर, वीतभर तुकडे केले. वर्षभर ज्यांनी सावली मागितली होती, ते सगळे काटेरी तुकडे गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलला बांधत होते. प्रत्येकाला मी सांगितलं, बारा दिवस वाळव, ढिगावर लाव, बांध घालू नको. प्रत्येकानं हो जी म्हटलं.

चामोर्शीवाल्याचा तुकडा कोणी मागितला नाही. मॅडमनी एक शेंडा कॉलेजात नेला, फूल आल्यावर नाव सांगते म्हणाल्या. बाकीचा देवाजीनं उचलला. म्हणाला, "मायाच आहे तो. मी नेतो." एसटीत त्याच्या शेजारी कोणी बसलं नसेल.

शेड झाली. चांगली आहे, वर पत्रा आहे. त्या शेडखाली कोणी मला भेटलं की खिशातून मोबाईल काढतं. कोणाचं झाड बल्लारपूरला आहे, कोणाचं राजुऱ्याला, कोणाचं मूल गावाजवळ जंगलाच्या कडेला. एक निळं, एक राखाडी, एकाचे काटे सुयांसारखे, एकाचे नाहीतच. ज्यानं त्यानं आपापल्या गावाचं अंगरखं घातलं आहे. निदान लोक तसं म्हणतात.

मागच्या आठवड्यात राजू भेटला. त्याचं गाव वरोऱ्याकडे, काळी कापसाची जमीन, पाऊस पडला की आठ-आठ दिवस पाय निघत नाही. त्यानं फोटो पुढे केला. खांब उंच, गुटगुटीत, हिरवागार. "पाहा काका, तुमच्यावाला कसा मानवला!"

पूर्वी मी लगेच भाषण सुरू केलं असतं. आता मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "राजू, खरं सांग. मधात कधी मेला तं नव्हता?"

राजूनं मोबाईल खिशात टाकला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, चहा घेता का?"